खांदा बदलल्यावर काय परत मिळतं आणि काय बिघडू शकतं: पेशंट आणि घरच्यांसाठी मार्गदर्शक

खांदेबदलाचं ऑपरेशन ठरलं की जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "हात किती वर जाईल?" मी फिजिओथेरपिस्ट आहे, खांद्याचे पेशंट रोज बघते. माझा आग्रह असतो की त्याच्याही आधी सर्जनना एक गोष्ट विचारा: "माझ्या खांद्यात कोणता सांधा बसवणार, नेहमीचा की रिव्हर्स?" कोणती कामं परत जमतील, कोणती हालचाल घातक ठरेल, पहिल्या वर्षात काय बिघडू शकतं आणि दहा वर्षांनी काय, हे सगळं या एका उत्तरावर ठरतं. तरीही ऑपरेशन होऊन महिना उलटला तरी आपल्या खांद्यात काय बसवलंय हे माहीत नसलेले पेशंट येतात, तेव्हा काळजी वाटते.

दुसरी अडचण गुडघ्यामुळे होते. गुडघे बदललेलं कोणी ना कोणी प्रत्येकाच्या नात्यात असतं, त्यामुळे तोच हिशोब खांद्याला लावला जातो. गुडघ्याला पहिल्या दिवसापासून चालवतात, वाकवतात, जोर लावायला सांगतात. खांद्याचे पहिले सहा आठवडे मात्र शिवलेल्या स्नायूंना जपण्यात जातात. इथे उत्साह नडतो.

आधी प्रकार समजून घ्या

खांद्याची वाटी अगदी उथळ असते, बशीवर लिंबू ठेवावं तशी. त्या वाटीत दंडाच्या हाडाचा गोळा धरून ठेवण्याचं काम चार स्नायूंचं. त्यांच्या पट्ट्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात.

हा कफ शाबूत आहे, फक्त सांध्याची गादी झिजली आहे, असं असेल तर नेहमीचा, म्हणजे अ‍ॅनाटॉमिक सांधा बसवतात. गोळ्याच्या जागी धातूचा गोळा आणि वाटीच्या जागी पॉलिइथिलीनची, म्हणजे टणक प्लास्टिकची वाटी. कफच फाटून गेला असेल तर हा सांधा टिकत नाही, कारण गोळ्याला मध्यावर धरणारं कोणी उरत नाही. अशा वेळी रचना उलटी करतात: गोळा खांद्याच्या पात्यावर आणि वाटी दंडाच्या हाडावर. त्यामुळे फिरण्याचा बिंदू आत आणि खाली सरकतो आणि खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू एकटा हात उचलू शकतो. फ्रान्समधल्या दिजाँचे सर्जन पॉल ग्रामाँ यांनी १९८५च्या सुमारास ही कल्पना रुजवली. आज अनेक देशांत नेहमीच्या सांध्यापेक्षा रिव्हर्सच जास्त बसवले जातात. म्हाताऱ्या माणसाच्या दंडाच्या हाडाचे तीन-चार तुकडे झाले असतील तरीही बहुतेकदा रिव्हर्सच निवडतात. फक्त गोळा बदलून वाटी तशीच ठेवण्याचा अर्धा सांधाही असतो, पण त्याचा वापर कमी होत चालला आहे.

हे ऑपरेशन कोणाला लागत नाही, तेही सांगते. मधुमेहींमध्ये खांदा आखडतो तो बहुतेकदा फ्रोजन शोल्डर असतो. एक्स-रे जवळपास नॉर्मल येतो आणि महिने लागले तरी व्यायाम आणि औषधांनी तो सुटतो. फ्रोजन शोल्डरसाठी कोणी सांधा बदलायला सांगत असेल तर दुसरं मत घ्याच. उलट विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेल असलेल्या तरुण माणसाचा खांदा सतत दुखत असेल तर नुसत्या गोळ्या घेत बसू नका. या आजारात गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू शकतं. खुब्यानंतर खांदाच त्यात जास्त सापडतो. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसतो, एमआरआयमध्ये मात्र कळतं.

कामांची यादी करा, अंशांची नको

ऑपरेशनच्या आधी एका कागदावर तुमची रोजची दहा-बारा कामं लिहा: वेणी घालणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, कणीक मळणं, दोरीवर कपडे वाळत घालणं, एसटीत वरचा दांडा धरणं, स्कूटर चालवणं, रात्री त्या कुशीवर झोपणं. प्रत्येकापुढे "जमतं, कष्टाने जमतं, जमत नाही" यातलं एक लिहा. हा कागद सर्जनसमोर ठेवा आणि एकेक काम विचारा.

वेदना कमी होणं हा या ऑपरेशनचा सगळ्यात भरवशाचा फायदा आहे. रात्रीचा ठणका बहुतेकांचा जातो, आणि वर्षानुवर्षं झोप उडालेल्या माणसाला त्याचं मोल कळतं. हात वर जाण्याचं म्हणाल तर नेहमीच्या सांध्यात साधारण १४० ते १६० अंश आणि रिव्हर्समध्ये १२० ते १४० अंश मिळतात. म्हणजे डोक्यावर हात पोचतो, फणी फिरते, नजरेच्या उंचीवरच्या फळीवरचं सामान काढता येतं.

कमी बोललं जातं ते पाठीमागे जाणाऱ्या हाताबद्दल. रिव्हर्स सांध्यानंतर हात आत वळून कमरेमागे जाणं बऱ्याच जणांचं कमी होतं, काहींचा हात नितंबाच्या बाजूपर्यंतच पोचतो. परदेशी पुस्तकांत याला शर्ट खोचण्याची अडचण म्हणतात. आपल्याकडे ती मोठी आहे: ब्लाउजची मागची हुकं, परकराची नाडी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शौचानंतर धुणं. ते काम आपण डाव्या हाताने करतो. डाव्या खांद्यात रिव्हर्स बसणार असेल तर हा प्रश्न ऑपरेशनच्या आधीच सोडवावा लागतो. लाजेपायी पेशंट विचारत नाहीत आणि डॉक्टरही आपणहून सांगत नाहीत. कमोडवर बसून, पाय थोडे फाकवून, पुढच्या बाजूने हात घालून धुण्याची सवय आधी महिनाभर करा. जेट बसवून घेतला तर आणखी सोपं. दोन्ही खांदे खराब असतील तर एका वेळी एकच करायचा आणि दुसऱ्याचा निर्णय पहिला हात स्वच्छतेच्या कामाला पोचतोय का हे बघूनच घ्यायचा.

माझ्याकडे येणाऱ्या एक आजी आयुष्यभर नऊवारी नेसत आल्या. उजव्या खांद्यात रिव्हर्स बसला, सहा महिन्यांत हात छान वर जायला लागला, भाकरी थापता यायला लागली, पण कासोटा मागे खोचायला हात पोचेना. कमरेच्या बाजूला येऊन थांबायचा. त्यांना ते दुखण्यापेक्षा जास्त लागलं. शेवटी सुनेने शिवलेली नऊवारी आणली आणि आम्ही डाव्या हाताने खोचण्याचा सराव सुरू केला. हे आधी ठाऊक असतं तर त्यांनी मनाची तयारी करून ऑपरेशन केलं असतं.

ऑपरेशनआधीची तयारी

साखर आटोक्यात आणा. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, आठच्या वर असेल तर बरेच सर्जन थांबायला सांगतात, आणि तुम्हीही घाई करू नका. तंबाखू किमान चार ते सहा आठवडे आधी पूर्ण बंद करा. यात सिगारेट-बिडी तर येतेच, पण मिश्रीही येते. "मी तंबाखू खात नाही" म्हणणाऱ्या कितीतरी बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. निकोटिन हिरड्यांतूनही रक्तात जातं आणि जखम व हाड भरायला अडथळा करतं.

खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तारीख सांगा. इंजेक्शन आणि ऑपरेशन यांत साधारण तीन महिन्यांचं अंतर असावं, नाहीतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. किडलेला दात, पायावरची चिघळलेली जखम, लघवीची जळजळ, हे आधी निस्तरा. रक्त पातळ करणाऱ्या आणि आमवाताच्या गोळ्या-इंजेक्शनांची यादी द्या, पण काय कधी बंद करायचं हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. साठीपुढच्या बायकांनी ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता तपासून घ्यावी. ठिसूळ हाडाचा संबंध पुढे येणार आहे.

काखेतले केस घरी वस्तऱ्याने किंवा रेझरने काढू नका. बारीक चिरा पडतात आणि जंतूंना वाट मिळते. काही सर्जन आधीचे दोन-तीन दिवस खांद्याला लावायला बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल देतात, तेच मुरमांवरचं. ते का, ते जंतुसंसर्गाच्या भागात सांगते.

घरातली व्यवस्था आधीच लावा: पुढून बटणं असलेले सैल गाऊन किंवा शर्ट, हात असलेली उंच खुर्ची, कमोड, आणि अर्धवट बसून झोपता येईल असा पलंग किंवा उशांची रास. उकिडवं बसायचं शौचालय आणि जमिनीवर मांडी घालून बसणं काही काळ विसरावं लागेल, कारण उठताना हात टेकला जातोच.

खर्चाचा अंदाज लेखी घ्या. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर सरकारने २०१७ साली मर्यादा घातली, तो निर्णय गुडघ्यापुरता होता. इम्प्लांटचा प्रकार, कंपनी आणि किंमत अंदाजपत्रकात वेगवेगळी लिहून मागा. आणि वर्षाला किती खांदे बदलता, हे सर्जनना नि:संकोच विचारा. जास्त ऑपरेशनं करणाऱ्या हातांत गुंतागुंत कमी होते, हे वेगवेगळ्या देशांत दिसलेलं आहे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

पहिले दोन दिवस

बहुतेक ठिकाणी पूर्ण भुलीबरोबर मानेच्या बाजूला नसांचं इंजेक्शन देतात. त्यामुळे हात बारा ते चोवीस तास बधिर राहतो. त्याच बाजूची पापणी थोडी उतरणं, आवाज बसणं, छाती पूर्ण न भरल्यासारखं वाटणं हे त्या इंजेक्शनमुळे होऊ शकतं आणि औषध उतरलं की जातं. दमा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, कारण त्या बाजूचं श्वासपटल तेवढ्यापुरतं मंदावतं. दम खरोखर लागत असेल किंवा वाढत असेल तर मात्र तत्काळ सांगा.

बधिरपणा उतरायला लागला की कळा एकदम येतात, म्हणून वेदनाशामक गोळी हात बधिर असतानाच सुरू करा. बोटांना मुंग्या येऊ लागल्या की ती वेळ झाली असं समजा. दोन दिवसांनंतरही हाताचा एखादा भाग बधिर असेल, मनगट किंवा बोटं वर उचलत नसतील, तर कळवा. ऑपरेशनमध्ये नस ताणली जाण्याचं प्रमाण कमी आहे आणि बहुतेक नसा काही महिन्यांत सावरतात, पण त्याची नोंद पहिल्या आठवड्यातच व्हायला हवी.

सहा आठवडे: तुमच्या सांध्याला कोणती हालचाल वर्ज्य?

नेहमीच्या सांध्यासाठी सर्जन खांद्याच्या पुढचा सबस्कॅप्युलॅरिस स्नायू सोडवून आत जातात आणि शेवटी परत शिवतात. ही शिवण सुटली तर सांधा पुढे सरकतो आणि पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. म्हणून सहा आठवडे हात बाहेरच्या बाजूला सांगितलेल्या मर्यादेपलीकडे फिरवायचा नाही आणि तळहाताने पोटाकडे जोर लावायचा नाही. जड दार ओढून लावणं, पोटाशी डबा धरून झाकण फिरवणं, खुर्चीवर हात टेकून उठणं, सगळं बंद.

रिव्हर्समध्ये भीती सांधा निखळण्याची, तीही मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत. निखळण्याची ठरावीक स्थिती असते: हात मागे, अंगालगत आणि आत वळलेला. मागच्या खिशातून पाकीट काढताना, शर्ट खोचताना, पलंगावर मागे हात टेकून उठताना नेमकी तीच स्थिती येते. घरच्यांनी एकच खूण लक्षात ठेवावी: पेशंटला आपलं कोपर सतत डोळ्यांना दिसलं पाहिजे. कोपर अंगाच्या मागे गेलं की थांबा. उताणं झोपताना कोपराखाली घडी केलेली चादर किंवा उशी ठेवा, म्हणजे ते मागे पडत नाही.

दोन्ही प्रकारांत हात गळ्यात अडकवायची झोळी साधारण चार ते सहा आठवडे. बोटं, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं, नाहीतर बोटं सुजतात आणि कोपर आखडतं. काख धुण्यासाठी कमरेत वाकून हात नुसता सैल लोंबू द्या, मग काखेत ओलं फडकं जातं. ती जागा कोरडी ठेवा, आपल्या उन्हाळ्यात तिथे पटकन खाज आणि पुरळ येतं. कपडे घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी.

तेल चोळणं, शेकणं, गावच्या हाडवैद्याकडून हात ओढून घेणं, यातलं काहीही नको. हात आखडलाय म्हणून प्रेमाने ओढणारे नातेवाईकही यात आले.

झोळी सुटल्यावर आधी आधाराने हालचाल, मग आपल्या ताकदीने, आणि साधारण तीन महिन्यांनी हलका जोर, असा क्रम असतो. गाडी चालवायला बहुतेकांना दीड ते तीन महिने लागतात, आणि स्कूटरचा धक्का खांद्यावर येतो म्हणून तिला मी शेवटी परवानगी देते. सुधारणा वर्षभर चालू राहते. तिसऱ्या महिन्यात "एवढंच होणार का?" म्हणून निराश होणारे पेशंट दहाव्या महिन्यात वेगळे दिसतात. पोतं उचलणं, हापशावर जोर, डोक्यावर ओझं तोलणं मात्र कायमचं टाळलेलं बरं.

काय बिघडू शकतं

जंतुसंसर्गावर जरा थांबते, कारण खांद्याचा जंतुसंसर्ग आपल्या कल्पनेतल्या जंतुसंसर्गासारखा दिसत नाही. पहिला नोंदवलेला कृत्रिम खांदा पॅरिसमध्ये ज्यूल पेआँ यांनी १८९३ साली क्षयाने खराब झालेल्या खांद्यात बसवला, प्लॅटिनम आणि रबराचा. जंतुसंसर्गामुळेच तो साधारण दोन वर्षांनी काढावा लागला. आता प्रमाण शंभरात एक-दोनावर आहे. पण मुख्य अपराधी असतो मुरमांशी संबंध असलेला क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस. तो त्वचेच्या तेलग्रंथींत खोल राहतो, वरून पुसलेल्या औषधाने सगळा मरत नाही, आणि पुरुषांच्या खांद्या-पाठीवर जास्त असतो. बेन्झॉइल पेरॉक्साइड ग्रंथीत उतरतं, म्हणून ते जेल.

हा जंतू हळू वाढतो. ताप येत नाही, पू दिसत नाही, सीआरपीसारख्या रक्ताच्या तपासण्याही नॉर्मल येऊ शकतात. दिसतं ते एवढंच: खांदा चांगला सुधारत होता आणि काही महिन्यांनी कारण नसताना दुखायला आणि आखडायला लागला. अशा वेळी "व्यायाम कमी पडला" असं म्हणून मोकळं होऊ नका. सर्जनकडे जा. सांध्यातल्या पाण्याची किंवा ऊतींची कल्चर तपासणी, म्हणजे त्यातला जंतू वाढवून बघण्याची, करायची झाली तर लॅबमध्ये ती चौदा दिवस ठेवायला सांगितली आहे का, हे विचारा. नेहमीच्या पाच दिवसांत हा जंतू बऱ्याचदा उगवतच नाही. आणि त्याआधी स्वतःच्या मनाने किंवा ओळखीच्या मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊ नका, खरा जंतू सापडायचा राहून जातो. जखमेतून पाच-सात दिवसांनंतरही पाणी येत असेल, लाली पसरत असेल, थंडी-ताप असेल तर अर्थातच त्याच दिवशी दवाखाना.

रिव्हर्सची दुसरी खास अडचण म्हणजे खांद्याच्या टोकाच्या हाडाला, अ‍ॅक्रोमियनला, जाणारी तडा. नव्या रचनेत डेल्टॉइड जास्त ताणलेला असतो आणि त्याचा सगळा ओढा त्या पातळ हाडावर येतो. हाडं ठिसूळ असतील, आमवात असेल तर धोका जास्त. लक्षण ठरलेलं: काही महिने छान गेले, पडणं-झडणं नाही, आणि एक दिवस खांद्याच्या वरच्या टोकावर बोट ठेवलं की नेमकं तिथेच दुखतं, हात उचलवत नाही. साध्या एक्स-रेमध्ये ही तडा सहज निसटते, सीटी स्कॅनमध्ये दिसते. म्हणून एक्स-रे नॉर्मल आला तरी त्या एका बिंदूवरचं दुखणं कायम असेल तर सीटीबद्दल विचारा आणि तोवर व्यायाम थांबवून झोळी घाला.

नेहमीच्या सांध्यात काळाच्या ओघात सतावते ती वाटी. ती हाडापासून हळूहळू ढिली होते, आणि सुरुवातीला काहीच दुखत नाही. कफ पुढे कधी फाटला तर गोळा वर सरकतो, वाटीच्या कडेवर दाब येतो आणि ती डुगडुगायला लागते. रिव्हर्समध्ये वाटीची कड पात्याच्या हाडाला घासून खाच पडू शकते, ती एक्स-रेवर दिसते आणि बरेचदा त्रास देत नाही.

पडल्यावर दंडाच्या हाडात बसवलेल्या सांध्याच्या दांड्याभोवतीचं हाड मोडू शकतं, म्हणून मोरीतली बुळबुळीत फरशी आणि रात्रीचा अंधार यांचा बंदोबस्त करा. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ गुडघा-खुब्यापेक्षा इथे कमी होते, पण पोटरी सुजली, छातीत दुखलं किंवा अचानक धाप लागली तर थांबायचं नाही.

आकडे कसे वाचायचे

दहा वर्षांनी शंभरातले नव्वदहून जास्त सांधे जागेवर असतात, हे दोन्ही प्रकारांबद्दल म्हणता येतं. पण सरासरीत वय लपून जातं. इंग्लंडमध्ये १९९८ ते २०१७ या काळातल्या सुमारे ५८ हजार शस्त्रक्रियांची नोंद तपासली, तेव्हा ५५ ते ५९ वयाच्या पुरुषांत आयुष्यात कधीतरी पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता जवळजवळ चारात एक निघाली आणि ८५ पुढच्या बायकांत सदतिसात एक. पुन्हा ऑपरेशनचा धोका पहिल्या पाच वर्षांत सर्वाधिक होता. म्हणजे पन्नाशीतल्या कष्टाची कामं करणाऱ्या माणसाने शक्य तितकं लांबवावं, आणि पंचाहत्तरीतल्या बाईने "आता या वयात कशाला" म्हणून रात्री जागून काढू नयेत. फार म्हातारपणी धोका वेगळा असतो: हृदय, फुप्फुस, भूल यांचा. त्यासाठी फिजिशियनची तपासणी नीट व्हायला हवी.

कागद आणि पुढच्या भेटी

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डवर सांध्याचा प्रकार, बाजू आणि कंपनी लिहून घ्या, आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचे स्टिकर त्यावर चिकटवून मागा. त्यांवर मॉडेल आणि बॅच क्रमांक असतात. पंधरा वर्षांनी एखादा भाग बदलायचा झाला तर कोणती अवजारं आणायची हे त्यावरून ठरतं. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये आणि मुलांकडेही ठेवा. विमानतळावर मशीन वाजलं तर तोच दाखवता येतो, आणि पुढे कधी एमआरआय करायचा झाला तर तिथेही आधी तो दाखवा.

एक्स-रेचं वेळापत्रक सर्जन देतील. साधारण सहा आठवडे, तीन महिने, एक वर्ष आणि पुढे वर्षा-दोन वर्षांनी असा तो क्रम असतो. काही दुखत नसलं तरी जा. जुने एक्स-रे जपून ठेवा आणि प्रत्येक भेटीत बरोबर न्या. वाटीभोवतीची काळी रेघ, म्हणजे वाटी ढिली होत असल्याची खूण, वाढतेय की तशीच आहे, हे एका चित्रावरून सांगता येत नाही, दोन शेजारी ठेवल्यावरच कळतं. ढिली झालेली वाटी लवकर लक्षात आली तर पात्याचं हाड शिल्लक असताना रिव्हर्समध्ये बदल करता येतो. उशीर झाला तर आधी हाड भरून घ्यावं लागतं, काही वेळा दोन टप्प्यांत. दुसऱ्या ऑपरेशनचा निकाल पहिल्याइतका चांगला सहसा लागत नाही.